नानांच्या विहिरीतलं शिसं

कोकणातून कुणी परत आलं की आमच्या अकोल्यात शेजारीपाजारी आधी पिशवीकडे बघतात. आंब्याचे दिवस नसले तर निदान काजू, कोकम, पोह्याचे पापड तरी असावेत अशी अपेक्षा असते. मी रायगडच्या किनाऱ्यावरून परतले ती सोडणांनी भरलेलं पोतं घेऊन. सोडण म्हणजे नारळावरचं जाड, तंतूंचं साल. शेजारच्या काकूंनी पोत्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एकटं राहून राहून बाईचं डोकं फिरलं शेवटी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं. काकूंचं अगदीच चुकलं असंही नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात विरघळलेले शिशासारखे जड धातू काढायला मोठी यंत्रं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण नारळाची सोडणं, सुपारीची टरफलं, खेकड्याची कवचं, माशांची खवलं यांनाही ते जमतं हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यांच्यातून पाणी सावकाश जाऊ दिलं की धातू त्यांना चिकटून बसतो आणि पाणी पुढे निघून जातं. हे मी वर्षानुवर्षं काचेच्या नळीत करत आले, पण खऱ्या विहिरीवर कधी करून पाहिलं नव्हतं. एकदा एका मासिकात यावर लेख लिहिला. तो वाचून पुण्याहून एका इंजिनिअरचा फोन आला.

त्याचे वडील चौलजवळ आपल्या वाडीत एकटे राहत होते. कुंपणापलीकडे कुणीतरी काही वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवण्याची भट्टी चालवली होती. गावानं आरडाओरडा करून ती बंद पाडली, भट्टीवाला निघून गेला आणि शिसं मात्र जमिनीतून विहिरीत उतरलं. नळ अजून वाडीपर्यंत पोचला नव्हता. "बघा मॅडम, काही जमत असेल तर," तो म्हणाला. "पाण्याचा प्रश्न सुटला नाही तर मी बाबांना पुण्याला घेऊन येतो. मग वाडी बंद. दुसरा इलाजच नाही."

एका म्हाताऱ्या माणसाचं घर आपल्या हातून वाचेल, या कल्पनेनं मी हुरळून गेले. हिवाळ्याची सुट्टी होतीच, आणि सुट्टीत मला कुठे जायचं नसतं.

चौल

रेवदंड्याकडे जाणाऱ्या एसटीतून उतरले तेव्हा अंगावर ऊन नव्हतं, नुसती सावली होती. माडांची, पोफळींची, वरून पडून रस्ताभर पसरलेली. आमच्याकडे डिसेंबरातही उन्हाचा चटका लागतो आणि मैलभर लांबचं दिसतं. इथे दहा पावलांवर कुणाचं तरी कुंपण. प्रत्येक वाडीला विहीर, आणि विहीर तरी कशी, नुसतं वाकलं की पाण्यात आपलं तोंड दिसतं. आमच्या विहिरीत डोकावलं की घेरी येते. इतकं हाताशी पाणी असून ते पिता येऊ नये याचा मला पहिल्याच दिवशी राग आला.

त्या इंजिनिअरचे वडील, नाना, अंगणात सुपारी वाळत घालत होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला, उंच, किंचित वाकलेला, बोलताना प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"एकट्याच आलात?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मला एसटीतल्या बाईनं विचारला होता, खोली देणाऱ्यानं विचारला होता, पुढे थळला खेकड्याची कवचं मागायला गेले तेव्हा तिथल्या कोळणींनीही विचारला. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात जेवलात का. या बाजूला विचारतात एकट्याच का, आणि मग परत कधी जाणार. दोन्ही प्रश्न मायेनंच विचारतात, पण पाठोपाठ आले की जरा लागतात.

माझी सोय शेजारच्या वाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या खोलीत होती. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची माणसं येत, हसत, खात आणि सोमवारी सकाळी गाड्या भरून निघून जात. उरलेला आठवडा मी आणि एक मांजर.

नानांकडे काम करणारी चांगुणा दुपारी डबा आणून द्यायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोकमाचं सार. पहिल्या दिवशी त्या पांढऱ्या मऊ भाकरीवर मी ठेचा शोधत बसले. तिसऱ्या दिवशी बिरड्याची वाट बघायला लागले. चव बदलायला वेळ लागत नाही, हे या वयात कळून जरा गंमत वाटली.

पिंप

काम सोपं होतं. निळं प्लास्टिकचं पिंप, तळाला खडी, वर रेती, त्यावर कुटून भरलेली सोडणं, खाली नळ. विहिरीचं पाणी वरून ओतायचं आणि नळातून घ्यायचं. शिसं मोजायचं यंत्र मी कॉलेजातून उसनं आणलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. मी मोजून हो म्हणेपर्यंत ते पाणी कुणी प्यायचं नव्हतं. नाना तोवर रेवदंड्याहून येणाऱ्या जारचं पाणी थेट जारमधूनच, नाक मुरडत पीत होते.

पहिल्या दिवशी नळातून चॉकलेटी पाणी आलं.

"चहा झाला की हो!" नाना म्हणाले. "साखर तेवढी घाला."

कच्च्या सोडणाचा रंग सुटणार हे मला माहीत होतं, पण इतका सुटेल असं वाटलं नव्हतं. मी तोंड पाडून पिंप उपसलं. मग सोडणं धुऊन, उकळून, पुन्हा धुऊन भरायचं ठरवलं. चांगुणेनं परसात चूल मांडून दिली, मोठं पातेलं चढवलं आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"सोडनं शिजवून खातान का तुमच्याकडं?"

"खातात की. फोडणी देऊन."

"म्हनून अशी वाळलाव," असं म्हणून ती आत गेली.

वेगवेगळ्या तऱ्हेनं उकळलेली सोडणं मी पिंपात भरायची, त्यांच्यातून भरपूर पाणी सोडायची, मोजायची आणि मग काढून नवी भरायची. काढलेल्या सोडणांत आता शिसं होतं. ती मी विहिरीमागे एका पोत्यात साठवत होते. नानांना बजावून सांगितलं, "यातलं काही फेकायचं नाही हं." ते म्हणाले, "छे, छे, फेकायचं कशाला?" मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

नाना सकाळपासून माझ्याबरोबर असत. पाणी ओतत, नळ गळायला लागला तर काथ्या गुंडाळत, मध्येच गावातल्या कचेरीच्या गोष्टी सांगत. कामाचं विचारत मात्र एकच. "काय म्हणतंय पाणी? वाईटच का?" मी म्हणे, "अजून सांगता येत नाही." ते मान डोलावत. मला वाटे, बिचारे काळजीत आहेत.

दिघीची फेरी

भरलेलं पिंप एक दिवस मुरू द्यायचं होतं. करायला काही नव्हतं, म्हणून मुरूडवरून आगरदांड्याला गेले आणि तिथून खाडीपलीकडच्या दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले. दिघीला मला काहीही काम नव्हतं. बोटीत मोटारसायकली होत्या, दोन टेम्पो होते, एक लग्नाला निघालेलं कुटुंब होतं. त्यातली एक मुलगी पाण्याकडे बोट दाखवून प्रत्येक गोष्टीचं नाव विचारत होती आणि घरातले सगळे एकदम उत्तर देत होते. मी कठड्याला टेकून उभी होते. उजवीकडे समुद्र होता, वारा छान होता, आणि हे कुणाला तरी दाखवावं असं इतकं वाटलं की मी फोन काढला, एक फोटो घेतला, नावांची यादी वरखाली केली आणि फोन परत पर्समध्ये ठेवला.

दिघीला उतरून चहा प्यायले आणि त्याच बोटीनं परत निघाले. तिकीटवाल्यानं ओळखलं.

"आत्ताच गेलात ना बाई? काय विसरलंत काय?"

"नाही. काम झालं."

"लवकर झालं," तो म्हणाला. खोटं बोलल्याचं वाईट वाटलं नाही, पण नुसतं फिरायला आले असं सांगायची लाज का वाटावी हे मला अजून कळलेलं नाही.

परत आले तेव्हा नाना आत झोपले होते आणि चांगुणा पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, पाणी बहुतेक सुधारेल, नानांना घर सोडावं लागणार नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. "बाय, तुमी म्हाताऱ्याला विचारलंव काय?"

"काय विचारायचं?"

"त्याला जायाचं हाय." तिनं आवाज खाली केला. "ट्रंक भरून ठेवलीया. मीच घड्या घालून दिल्या कापडांच्या. पोर सवताहून ये बोलत न्हाय, आन ह्यो सवताहून न्हे बोलनार न्हाय. पानी वाईट निघालं तं पोर न्हेल, येवडीच वाट हाय. एकट्यानं किती रवायचं?"

इतके दिवस मी ज्याला काळजी समजत होते ती आशा होती. माझं पिंप त्या माणसाचं घर वाचवत नव्हतं, त्याचा बाहेर पडायचा रस्ता बंद करत होतं.

हंडा

दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी काचेसारखं आलं. मोजलं तर शिसं जवळजवळ नव्हतंच. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. जे मी एवढी वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आले ते एका खऱ्या विहिरीवर घडलं होतं. आनंद झाला आणि पाठोपाठ नानांची भरलेली ट्रंक आठवली.

एक मोजणी राहिली होती. माणूस पिंपातलं पाणी पीत नाही, भरून ठेवलेलं पितो. नानांचा पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. तो ते रोज सकाळी स्वतः घासायचे, चांगुणेला हात लावू द्यायचे नाहीत. पिण्याचं भांडं घरच्या माणसानंच घासायचं, ही त्यांच्या घरातली जुनी रीत. सकाळीच पिंपाचं पाणी त्या हंड्यात भरलं आणि दुपारपर्यंत ठेवलं. त्यातलं मोजलं, आणि आकडा वर गेला. पिण्याजोगं नाही इतका वर.

नाना समोरच उभे होते. "काय म्हणतंय?"

"नळाचं चांगलं आहे. हंड्यातलं वाईट आहे. काहीतरी गोंधळ आहे नाना, उद्या परत बघू."

त्यांनी एवढंच ऐकलं की वाईट आहे. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "वाईटच म्हणायचं मग," असं म्हणून ते आत फोन करायला गेले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. मुलाचा आवाज मला अंगणात ऐकू आला. "ठीक आहे बाबा. रविवारी गाडी घेऊनच येतो."

त्या संध्याकाळी नानांनी स्वतः नारळ खवून पोहे केले. मला आग्रह करकरून वाढले. पुण्याच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे, नातीला बुद्धिबळ शिकवायचं आहे, तिथे बागेत आपल्याच वयाची माणसं रोज जमतात, सगळं सांगितलं. सांगताना एकदाही घसा साफ केला नाही. माझा प्रयोग फसल्याचं दुःख मला व्हायला हवं होतं. मी पोहे खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले.

सकाळी गेले तर नाना विहिरीवर बसून हंडा घासत होते. हातात सोडणाचा ओला, मऊ चोथा, शेजारी वाटीत भिजवलेली कोकमाची सालं. हंडा लखलखत होता. माझी नजर विहिरीमागच्या पोत्याकडे गेली. त्याचं तोंड सुटलेलं होतं.

"नाना, हे सोडण कुठलं?"

"तुमच्या पोत्यातलं," ते सहज म्हणाले. "असं मुरलेलं सोडण भांड्याला फार उत्तम. एरवी चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवावं लागतं मऊ व्हायला. तुम्ही फेकू नका म्हणालात. सोडण कोण फेकतं आमच्याकडे?"

खरंच, कोण फेकतं! या किनाऱ्यावर नारळाचं काहीच वाया जात नाही. सोडण जळणाला, काथ्या दोरीला, चोथा भांड्याला, राख माडाच्या मुळाशी. फेकू नका, हे त्यांना कुणी सांगायचीच गरज नव्हती. वापरू नका, हे सांगायला हवं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत सोडणातलं शिसं पुन्हा बाहेर काढायचं असेल तर आम्ही ते आम्लात बुडवतो. नानांनी कोकमाच्या आंबटात तेच केलं होतं, पिण्याच्या हंड्याच्या आत. सोडणानं पाण्यातून धरलेलं शिसं रोज सकाळी घासून हंड्याला लावलं जात होतं.

गप्प बसावं असं मला वाटलं. स्पष्टच सांगते, फार वाटलं. रविवारी मुलगा आला असता, ट्रंक गाडीत गेली असती, आणि कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या चोथ्यानं माखलेले होते.

मी सगळं सांगितलं. हात साबणानं धुवायला लावले, चोथा पोत्यात घालून तोंड घट्ट बांधलं, हंडा बाजूला ठेवला. चांगुणेकडून स्टीलची कोरी कळशी आणवली, तीत पिंपाचं पाणी भरलं आणि दुपारी मोजलं. नाना तोवर पायरीवर बसून होते.

"चांगलं आहे ना?" त्यांनीच विचारलं.

"हो."

"अगदी चांगलं?"

"अगदी चांगलं. पिता येईल."

"म्हणजे तुमचं काम झालं."

मी मान हलवली. ते उठले. मी म्हटलं, "नाना, फोन मी करू का? मी सांगते त्यांना."

"काय सांगाल? पाणी वाईट आहे म्हणून?"

"जे खरं आहे ते."

"खरं ते तर तुम्ही आत्ताच सांगितलंत," ते म्हणाले आणि त्यांनी नंबर लावला.

मुलाला मनापासून आनंद झाला. "काय सांगता बाबा! मग प्रश्नच मिटला. मॅडमना खूप खूप थँक्स सांगा. मी म्हणत होतो ना, काहीतरी निघेल यातून."

"मग रविवारी..." नाना म्हणाले.

"आता कशाला? मे महिन्यात येतोच की आम्ही सगळे."

"हो. आता कशाला."

त्यांनी फोन ठेवला. मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता म्हणाले, "सुटला बिचारा."

मला रडू आलं. विहिरीवर जाऊन मी पिंपात पाणी ओतायचं निमित्त केलं. चांगुणा मागून आली आणि माझ्या हातातली बादली घेऊन पाणी ओढायला लागली.

एसटीचा थांबा

शिशाची सोडणं तिथे ठेवणं शक्य नव्हतं. जाळली तर धूर, पुरली तर पुन्हा विहीर. ती माझ्याबरोबर अकोल्याला न्यायची आणि प्रयोगशाळेत नीट बंद करून ठेवायची, असं ठरवलं. नाना पोतं घेऊन थांब्यापर्यंत आले. मला घेऊ देईनात.

वाटेत मी त्यांना सगळं पुन्हा समजावून सांगितलं. सोडणं कशी उकळायची, पिंप कसं भरायचं. त्यांनी ते माझ्यापेक्षा व्यवस्थित परत म्हणून दाखवलं. एकदा भरलेली सोडणं सहा महिने सहज टिकतील, त्यानंतर पाण्याची एक बाटली पोस्टानं पाठवली तरी पुरे, मी मोजून कळवीन, असंही सांगितलं. शास्त्राप्रमाणे ते बरोबर होतं.

"म्हणजे कुणी यायला नको," नाना म्हणाले.

"नाही. तशी गरज नाही."

थांब्यावर आम्ही दोघंच होतो. समोरच्या वाडीत कुणीतरी पोफळीवर चढलं होतं आणि वरूनच खालच्याशी भांडत होतं. नाना ते बघत होते. पोतं त्यांनी दोन पायांच्या मध्ये धरून ठेवलं होतं. मला अकोल्याचं घर दिसायला लागलं. कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, एकटीपुरता चहा ठेवायचा. एसटी लांबून दिसली तेव्हा मी म्हटलं, "नाना, माझं जरा चुकलं. दर महिन्याला मोजावं लागेल."

त्यांनी घसा साफ केला. "आत्ता तर सहा महिने म्हणालात."

"म्हणाले. पण खात्री नाही."

"बाटली पोस्टानं पाठवतो मग."

"पोस्टात वेळ जातो, पाणी बदलतं. मलाच यावं लागेल."

कचेरीत जन्म गेलेला माणूस. खोटा अर्ज लांबूनही ओळखत असणार. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पोतं उचलून एसटीच्या पायरीवर ठेवलं आणि म्हणाले, "हो, पाण्याचा काही भरवसा नसतो. महिन्याला बघितलेलंच बरं."